मफलरमधलं दही

११ जानेवारी

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणून ही वही उघडली. एरवी माझं लिखाण म्हणजे प्रत्येक शिकाऊ माणसामागे एक ओळ. 'क्लच घाईत सोडतो.' 'आरशात रस्ता सोडून स्वतःला बघते.' उभा जन्म लोकांना गाडी शिकवण्यात गेला. सप्टेंबरात ड्रायव्हिंग स्कूलने वयाचं कारण दाखवून रीतसर निरोप दिला आणि वर घड्याळ दिलं. ज्याला सकाळी कुठेच पोचायचं नाही त्याला घड्याळ द्यायचं कोणाच्या डोक्यात आलं असेल देव जाणे.

त्या निरोपाच्या जेवणातच सगळा घोटाळा झाला. मासा शिळा असावा. मी आणि माझी बायको, दोघंही आडवे झालो. दोघांनाही अँटिबायोटिकच्या गोळ्या घ्याव्या लागल्या. माझं पोट तेव्हापासून जरा कुरकुरतं, पण ते चालायचंच. काळजी आहे ती हिची.

ही पूर्वी भांडी घासताना गुणगुणायची. आता घरात चिडीचूप. स्वतःच्या ताटात अन्न तसंच ठेवून माझ्या ताटाकडे बघत बसते. भूक मेली की माणूस दुसऱ्याचं ताट बघतो, दुसरं काय. विनोद केला तरी हसत नाही. ऑक्टोबरात मी सहज म्हणालो, "आता मलाही भंगारात काढा, निदान सुटे भाग कोणाच्या उपयोगी पडतील." तर उठून न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून कितीतरी वेळ आतच बसली.

म्हणून शेवटी आज डॉक्टरीणबाईंकडे गेलो. या बाई माझ्याच हाताखाली गाडी शिकल्या, रिव्हर्समध्ये दोनदा नापास झाल्या. अजूनही दवाखान्यासमोर त्यांची गाडी तिरपीच उभी असते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "सर, आपल्या आतड्यात जिवाणूंची मोठी वस्ती असते. पोटाचा आणि मेंदूचा फोन सतत चालू असतो, दोन्ही बाजूंनी. गोळ्यांनी वाईट जिवाणूंबरोबर चांगलेही जातात. रोज ताजं दही खाऊन काही जणांना मनानेही हलकं वाटतं असं दिसतंय. पण यातला अभ्यास अजून कोवळा आहे, त्यावर पैज लावू नका." मग म्हणाल्या, "घरी लावा, दोघंही खा, आणि काय दिसतं ते लिहून ठेवा."

"कोणाबद्दल लिहू?" मी विचारलं.

"घरात जो माणूस दिसेल त्याच्याबद्दल," म्हणाल्या. डॉक्टर झाली तरी बोलणं तिच्या पार्किंगसारखंच.

१३ जानेवारी

आमच्याकडे दही कायम दुकानातून डब्यात येतं. हिला म्हणालो, लाव. तर म्हणते, "मला कुठे येतं?"

हिच्या माहेरी दुधाचा धंदा होता. अंगणात दह्याची भांडी ओळीने मांडलेली मी लग्नाआधी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत. ते सगळं ही विसरली. स्मरणशक्तीवरही परिणाम झालेला दिसतो. डॉक्टरीणबाईंना सांगायला हवं, म्हणून मुद्दाम लिहून ठेवतो.

तेव्हा मीच कंबर कसली. दूध तापवलं, दुकानातल्या दह्याचा चमचा घातला, झाकलं.

१४ जानेवारी

दूध ते दूधच. वर एक केविलवाणी साय. ही दारात उभी राहून बघत होती. "थंडी आहे ना," म्हणाली. "कशात तरी गुंडाळून ठेवतात म्हणे."

म्हणे. कोण म्हणतं ते सांगितलं नाही.

१९ जानेवारी

दोन-तीनदा पुन्हा फसलं. एकदा दूध इतकं गरम होतं की बिचारे जिवाणू जागच्या जागी गेले असणार. आज करंगळी बुडवून बघितली. बोटाला सोसेल इतकंच कोमट दूध, मग विरजण. स्कूलचा माझा जुना मफलर काढला. पहाटेच्या बॅचला गळ्यात असायचा तोच. त्यात भांडं गुंडाळून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलं. मग हिला ताकीद दिली, भांड्याला कोणी हात लावायचा नाही, हललं की बिघडतं.

"नाही लावणार," ती म्हणाली. इतक्या शहाण्या मुलीसारखं म्हणाली की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

२० जानेवारी

लागलं.

भांडं तिरकं केलं तरी जागचं हललं नाही. पहाटे डोळा उघडला तेव्हा छताकडे बघत पडण्याऐवजी उठून स्वयंपाकघरात गेलो, एवढ्याचसाठी. ही माझ्या मागोमाग आली. दोघांनी ओट्याशी उभ्याउभ्याच खाल्लं. आंबट ढाण झालं होतं. हिने डोळे मिटून गिळलं आणि "छान झालंय" म्हणाली. चवही गेलेली दिसते.

३ फेब्रुवारी

रोज लावतो आहे. कोणाला खोटं वाटेल, पण झोपताना आता उद्याचं भांडं डोक्यात असतं.

लेकीचा फोन आला. ती दूर दुसऱ्या शहरात नोकरी करते. "बाबा, तुम्ही कसे आहात?" म्हणाली. मी म्हटलं, मला काय धाड भरलीय, आईचं विचार. तिला जिवाणूंचं सगळं समजावून सांगितलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "बाबा, कितीतरी दिवसांनी तुम्ही एवढं बोललात." फोन महाग नाही म्हणून उगाच का बोलत सुटायचं, म्हटलं. मग हिने फोन घेतला आणि गॅलरीत जाऊन दार ओढून बोलली. मायलेकी ताकास तूर लागू देत नाहीत.

९ फेब्रुवारी

आजची नोंद हिच्याबद्दल, जशी सांगितली आहे तशी. जेवण बरं. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं तर हिनेही घेतलं. माझी दाढी झाली आणि हिचा चेहरा उजळला. काय संबंध आहे कळत नाही. पण दह्याचा गुण असा आडवळणानेही येत असेल.

दूध संपलं होतं. ही म्हणाली, गुडघा दुखतोय, तुम्ही आणता का? जिन्याशी गेलो आणि पोटात गोळा आला. हे हल्ली होतं. खाली माणसं भेटतात. "काय सर, आराम चाललाय ना?" विचारतात. आराम या शब्दाने माझं डोकं उठतं. दोनदा परत आलो, चष्मा विसरलो असं सांगून. चष्मा डोळ्यांवरच होता. तिसऱ्यांदा गेलो. दूध नसेल तर विरजण मरेल, मग काय करणार.

१७ फेब्रुवारी

दूध आणायला रोज मीच जातो. हिचा गुडघा अजून तसाच आहे. दुपारी मात्र स्टुलावर चढून पंखा पुसताना दिसली.

१९ फेब्रुवारी

आज काही नाही. पडून होतो. दही लावलं नाही. ही पलंगाच्या कडेवर बसली, माझ्या कपाळावर हात ठेवला. तिचा हात चांगला लागला. पण तिला तसं सांगितलं नाही, का ते मलाही माहीत नाही.

२० फेब्रुवारी

विरजण आंबलं होतं, पण जगलं. पुन्हा लावलं.

२६ फेब्रुवारी

हिने नवीनच खूळ काढलंय. म्हणते, "मला गाडी शिकवा."

आपली गाडी खाली कापडाखाली झाकून पडली आहे. मी तिच्याकडे बघतही नाही. सगळ्या गावाला गाडी शिकवली, पण बायकोला शिकवली नाही, कारण तिने कधी म्हटलं नाही आणि नवराबायकोने ते करू नये असं माझं ठाम मत आहे. स्कूलच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही ब्रेक असतो, घरच्या गाडीत नसतो. शेजारी बसून नुसतं बघायचं.

"या वयात?" म्हटलं.

"तुम्हाला कधी काही झालं तर दवाखान्यात कोण नेणार?"

"मला काय होणार आहे?"

"मग मलाच झालं तर मीच जाईन चालवत," म्हणाली. हिच्याशी बोलण्यात कोणी जिंकलेलं नाही.

४ मार्च

शिकाऊ परवाना काढून आणला पठ्ठीने. आज गाडीचं कापड काढलं. कापडाखाली गाडी जशी ठेवली तशीच होती. मला मेलीचा राग आला, मग वाईट वाटलं.

रिकाम्या मैदानावर पहिला धडा दिला. माझी जुनी पद्धत आहे. समोर डॅशबोर्डवर काठोकाठ पाण्याचा पेला ठेवायचा आणि न सांडता गाडी थांबवायला सांगायची. अर्धा पेला पाणी माझ्या मांडीवर आलं. मी ओरडलो. ब्रेक म्हणजे दाराला लाथ नव्हे, पाय हळू न्यायचा, झोपलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण घालतात तसा. ही हसायला लागली. मीही हसलो. गाडीत हसण्याचा आवाज फार मोठा वाटतो.

माझा उजवा पाय मात्र पूर्ण वेळ पायाखालच्या पत्र्यावर दाबलेला. तिथे ब्रेक नाही हे त्याला कोणी सांगितलंच नाही.

७ मार्च

दही घट्ट, गोडसर. हिने खरंच मिटक्या मारल्या. आता फरक कळतो, आधीचं "छान" खोटं होतं.

भांडी घासताना गुणगुणली. मी पेपर धरून बसलो होतो. एक ओळही वाचली नाही.

१२ मार्च

आज डॉक्टरीणबाईंकडे गेलो, हिच्या प्रगतीचा अहवाल द्यायला. सगळं सांगितलं. भूक, हसू, गाणं. त्या नुसत्या मान हलवत होत्या.

"झोप?"

"बरीच सुधारली. पहाटे मी जागा असतो तेव्हा तीही जागी असायची, आता तिचा डोळा लागलेला असतो."

"तुम्ही पहाटे जागे का असता?"

"माझं सोडा हो."

"वजन किती उतरलं?"

"तिचं? तिचं काही उतरलं नाही."

"तुमचं, सर."

मी पट्ट्याकडे बघितलं. मोठ्या खिळ्याने एक जादा भोक पाडलं होतं, डिसेंबरात. पोट बिघडल्यावर माणूस वाळतोच, असं म्हणालो.

त्या खुर्ची ओढून जवळ आल्या. "काकू ऑक्टोबरातच माझ्याकडे येऊन गेल्या. त्यांनी सांगा म्हटलं म्हणून सांगतेय. त्या ठणठणीत आहेत. त्यांना काळजी तुमची आहे. तुमची भूक, तुमची झोप, तुमचं ते भंगाराचं बोलणं. पोट बिघडलं हे खरं, आणि त्याने मन आणखी खचलं असेल हेही शक्य आहे. दही चांगलंच आहे, सोडू नका. पण तुम्हाला मी नुसत्या दह्यावर सोडणार नाही. माझ्या ओळखीचे मनाचे डॉक्टर आहेत. एकदा भेटा."

मी उठलो. माझ्याच हाताखाली जी रिव्हर्स शिकू शकली नाही ती मला सांगणार, असं काहीतरी बोललो. फार वाईट बोललो. ती रागावली नाही, तेच जास्त लागलं.

घरी येऊन हिच्याशी बोललो नाही. म्हणजे इतके दिवस मी हिला औषध देत होतो आणि ही मला. कोणाला सांगितलं तर पोट धरून हसतील. मला हसू आलं नाही. फसवलं गेल्यासारखं वाटलं आणि त्याखाली दुसरंच काहीतरी वाटत होतं, ते लिहिता येत नाही.

दही लावलं नाही.

१४ मार्च

काल दिवसभर भिंतीकडे तोंड करून होतो. आज सकाळी भांड्याचा आवाज आला म्हणून स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो.

ही पाठमोरी होती. दूध उतरवलं, करंगळी बुडवलीही नाही, भांड्याला बाहेरून तळहात लावला आणि तेवढ्यावर तिला कळलं. विरजण बोटानेच भांड्याच्या आतून गोल फिरवून लावलं. झाकण, मफलर, गाठ. एकदाही थांबली नाही. हे हात कधीच काही विसरले नव्हते.

"तुला येत होतं," मी म्हणालो.

ती दचकली नाही. "येत होतं."

"मग ते पाणचट दूध, ते आंबट ढाण, सगळं गिळलंस कशाला?"

"मी लावलं असतं तर तुम्ही अंथरुणातून उठला असता का?"

ती ओट्याला टेकून उभी राहिली. इतके महिने नळ सोडून रडत होती, ती आज माझ्यासमोर रडली. "तुम्ही म्हणालात, भंगारात काढा. त्या दिवसापासून डॉक्टरीणबाईंकडे आणि परवान्याला गेले तेवढंच, एरवी तुम्हाला एकटं सोडून बाजारातसुद्धा गेले नाही. तुम्ही न्हाणीघरात गेलात तरी माझा जीव टांगणीला. मला दह्यातलं, जिवाणूंतलं काही कळत नाही. एवढंच दिसत होतं की ते लावायला तुम्ही सकाळी उठता. मी शेणसुद्धा गिळलं असतं."

मी विनोदाने म्हणालो होतो, असं सांगायला तोंड उघडलं. ते खरं नव्हतं. पूर्ण खोटंही नव्हतं. ते दुसरंच काहीतरी होतं आणि मला त्याची भीती वाटते, हे मी तिला सांगितलं. इतकं सरळ मी तिच्याशी लग्नानंतर कधी बोललो असेन असं आठवत नाही.

तिने पदराने तोंड पुसलं. "अहो, मनाच्या डॉक्टरांकडे याल का माझ्याबरोबर?"

"जायचं कसं?" मी म्हणालो. "गर्दीत गाडी चालवायची माझी हिंमत नाही."

"मी कशासाठी शिकतेय?" ती म्हणाली.

२२ मार्च

भेट सकाळची होती. रात्री लावलेलं दही मफलरसकट बरोबर घेतलं, परतताना डॉक्टरीणबाईंना द्यायला. तोंडाने माफी मागायला मला जमणार नव्हतं. डॅशबोर्डवर पेला ठेवायचा नाही असं हिने बजावलं, पण भांडं माझ्या मांडीवरच होतं.

मागे शिकाऊची पाटी, पुढे सकाळची गर्दी. चौकात एक टेम्पो आडवा आला. माझा पाय खालच्या पत्र्यावर गेला, हात भांड्यावर घट्ट झाले. हिने आरसा बघितला आणि ब्रेकवर पाय हळू नेला, मी शिकवलं होतं तसा. गाडी थांबली.

"पाय उचला," ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "मी आहे ना."

मी पाय उचलला. पुढचा सगळा रस्ता तो जमिनीवर नुसता टेकलेला होता.

मनाच्या डॉक्टरांनी आधी काही तपासलं नाही. "कसं वाटतं?" एवढंच विचारलं. माझ्या तोंडावर आलं, हिचं बरं चाललंय. ही शेजारी बसली होती, पण तिने माझ्या वतीने एक शब्द काढला नाही. मग मी सांगितलं. पहाट, जिना, पोटातला गोळा, घड्याळ, सगळं. बराच वेळ लागला. त्यांनी एक गोळी लिहून दिली, दर आठवड्याला बोलायला या म्हणाले, आणि दह्याबद्दल विचारल्यावर म्हणाले, खात राहा, त्याने नुकसान नाही, किती फायदा ते आपण मिळून बघू.

परतताना दवाखान्यापाशी हिने डॉक्टरीणबाईंच्या तिरप्या गाडीशेजारी आपली गाडी सरळ लावली. मी भांड्यावरचा मफलर सोडून बघितलं. दही कुठेही मोडलं नव्हतं. हिला दाखवलं. तिने मान डोलावली, जशी काही रोजचीच गोष्ट असावी. मला तिचा हात धरावासा वाटला आणि या वेळी मी धरला.

भांडं डॉक्टरीणबाईंच्या हातात देऊन घरी आल्यावर जुन्या सवयीने दोन ओळी लिहितो आहे.

ही: ब्रेक हळू लावते. शेजारच्या माणसाला सुखरूप नेते. पास.

मी: विचारल्यावर खरं सांगितलं. अजून शिकाऊ.